वाइनमेकरला साल कसे होते हे विचारण्याआधी छाटणीची तारीख विचारावी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपण जानेवारीच्या अखेरीस मित्रमंडळींसह नाशिक परिसरातील तीन वाइनरी पाहण्यास जाणार आहात, त्यांपैकी दोन ठिकाणी प्रत्यक्ष वाइनमेकरशी बोलण्याची वेळ ठरली आहे, आणि गेल्या वर्षी अशाच भेटीत ‘हे साल कसे होते’ या प्रश्नाला सगळीकडे ‘फारच उत्तम’ एवढेच उत्तर मिळाल्यामुळे आपण थोडे खट्टू झाला आहात. आपल्याकडे ऊन दर वर्षी सारखेच असताना लेबलवरील व्हिंटेजला, म्हणजे सालाला, काही अर्थ आहे का, आणि माहितीपत्रकात नसलेले काही कळावे म्हणून वाइनमेकरला नेमके काय विचारावे, अशा दोन गोष्टी आपण विचारल्या आहेत.

मी आधी वाइनरीच्या प्रयोगशाळेत आणि सेलरमध्ये, म्हणजे वाइन आंबवण्याच्या व मुरवण्याच्या जागी, काम केले आणि आता हॉटेलांसाठी वाइनची निवड करून देतो, त्यामुळे वाइनमेकरांशी बोलणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला मिळालेल्या उत्तरात लपवाछपवी असेलच असे नाही. ज्याला ती वाइन विकायची आहे त्याला ‘साल कसे होते’ असे विचारले की तो दुसरे काय म्हणणार? त्या प्रश्नाचे उत्तर विशेषणातच येते, आणि विशेषणे सगळ्यांकडे सारखीच असतात. तारखा आणि निर्णय मात्र प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि ते विचारले की बहुतेक वाइनमेकर मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांच्या वर्षातील खरी कसोटी तिथेच लागलेली असते.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे सांगणे भाग आहे. आपण ज्या वाइनबद्दल विचारणार आहात ती कमी किमतीची, ताजी पिण्यासाठी केलेली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन असेल, तर तिच्या व्हिंटेजचा उपयोग मुख्यतः वय कळण्यापुरता असतो. त्या वर्षीच्या हवामानाचा ठसा तिच्यात असतो, पण अनेक बागांचा माल एकत्र करून आणि चव दर वर्षी सारखी ठेवून तो मुद्दाम पुसला जातो, आणि त्या किमतीला तसे करण्यात गैर काही नाही. अशा बाटलीबाबत मी साल पाहतो, भरण्याचा महिना पाहतो, दुकानात ती कुठे ठेवली होती ते पाहतो आणि पुढे जातो. रिझर्व्ह दर्जाची, म्हणजे निवडक मालाची, लाल शिराझ, एका विशिष्ट बागेतील लाल काबर्ने सोव्हिन्यों किंवा बॅरलमध्ये आंबवलेली पांढरी वाइन असेल, तर मात्र सालाबद्दल विचारण्यासारखे पुष्कळ असते. दुसरे असे की, आपल्याशी बोलणारी व्यक्ती खरोखर वाइनमेकर आहे की टेस्टिंग रूम सांभाळणारी आहे, हे आधी जाणून घ्यावे. टेस्टिंग रूममधील मुलेमुली चांगली माहिती देतात, पण तोडणीचा दिवस त्यांनी ठरवलेला नसतो.

आता व्हिंटेजकडे येतो. आपण वाइनवर जे वाचतो ते बहुतांशी युरोपच्या संदर्भात लिहिलेले असते. फ्रान्समधील बोर्दोमध्ये वेल हिवाळ्यात पानगळ होऊन विश्रांती घेतो, वसंतात फुटतो, उन्हाळ्यात घड वाढतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. एका कॅलेंडर वर्षातील एक उन्हाळा बाटलीत उतरतो, म्हणून तिथे ‘२००३ चे साल’ म्हटले की त्या वर्षीची उष्णतेची लाट एवढे सांगून भागते. नाशिकमध्ये वेल असा झोपत नाही. त्याला माणूसच वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ज्यातून काडी तयार होते, आणि पावसाळा सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ज्यातून घड येतात. फळ हिवाळ्यात पिकते आणि तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात चालते.

लेबलवरील वर्ष हे तोडणीचे वर्ष असते. म्हणून २०२४ चे साल लिहिलेल्या नाशिकच्या बाटलीत प्रत्यक्षात २०२३ चा ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर असतो. इतकेच नव्हे, तर खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, म्हणजे मे-जूनमध्ये, काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होत असते, आणि त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली तर ऑक्टोबरनंतर घडच कमी निघतात. म्हणजे बाटलीवर जे वर्ष छापले आहे, त्याच्या आधीच्या वर्षीचा वळीव आणि परतीचा पाऊस यांबद्दल विचारल्याशिवाय त्या सालाबद्दलचे बोलणे सुरूच होत नाही. आपले ‘ऊन सारखेच असते’ हे निरीक्षण बरोबर आहे; फरक पडतो तो पावसाने, आणि पाऊस कोणत्या आठवड्यात आला त्याने.

दोन उदाहरणे घेतो, कारण ती या भागातील प्रत्येकाच्या लक्षात आहेत. २०१९ साली परतीचा पाऊस ऑक्टोबर सरला तरी थांबला नाही आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बागांत पाणी साचून राहिले. ज्यांनी गोडी छाटणी लवकर उरकली होती त्यांच्या बागा नेमक्या कोवळ्या फुटीच्या किंवा फुलोऱ्याच्या अवस्थेत सापडल्या. डाऊनी ही बुरशी आली, घडांची गळकूज झाली. ज्यांनी छाटणी पुढे ढकलली त्यांचे घड वाचले, पण त्यांची तोडणी मार्चच्या उत्तरार्धात गेली, आणि २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली तेव्हा मजूर आणि वाहतूक हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. दुसरे उदाहरण २६ नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळी पावसाचे आणि गारपिटीचे. निफाड-दिंडोरी पट्ट्यात त्या एका दिवसाने फार नुकसान केले. सप्टेंबरच्या मध्याला छाटलेल्या बागेत त्या दिवशी मणी बऱ्यापैकी वाढलेले होते, त्यांना गारांचा थेट मार बसला. ऑक्टोबरच्या मध्याला छाटलेली बाग छाटणीपासून चाळिसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे फुलोऱ्यात होती, आणि तिला पावसाची आणि नंतरच्या दमटपणाची झळ लागली. एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच पावसाने दोन वेगळी साले निर्माण केली.

म्हणूनच मी कोणत्याही संभाषणाची सुरुवात छाटणीच्या तारखेने करतो. ‘या वाइनच्या बागेची गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात घेतली होती आणि त्या वर्षी ती तारीख नेहमीपेक्षा पुढेमागे का केली?’ हा प्रश्न विचारला की समोरच्याला कळते की आपण बागेबद्दल विचारत आहोत. लवकर छाटणी घेण्यात पावसाचा धोका असतो, पण फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या थंड रात्रींत पिकते आणि आम्लता टिकते. उशिरा छाटणी घेतली तर रोगाचा धोका कमी होतो, पण पिकण्याचा शेवटचा टप्पा मार्चच्या उन्हात येतो. तेव्हा साखर झपाट्याने चढते, आम्लता घसरते, आणि बियांचा व सालीचा तुरटपणा मऊ होण्याआधीच ब्रिक्सचा, म्हणजे रसातील साखरेचा, आकडा पुरा होऊन बसतो. या दोन धोक्यांपैकी कोणता पत्करायचा हे ज्याचे त्याने ठरवलेले असते, आणि त्यातून त्याची वाइनविषयीची दृष्टी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्पष्ट दिसते. पांढऱ्या वाणांची छाटणी आधी, लाल वाणांची नंतर, असे टप्पे अनेक जण करतात. टप्पे कशासाठी केले, टाक्या अपुऱ्या म्हणून की हवामानाच्या भीतीने, हेही विचारावे. टाक्या अपुऱ्या हे उत्तर मिळाले तर ते प्रामाणिक उत्तर आहे असे समजावे.

इथे जागेचा प्रश्न येतो. ‘नाशिक’ हे एक नाव असले तरी त्यात फार फरक आहेत. घाटमाथ्याजवळ इगतपुरी-कावनईकडे पाऊस काही पटींनी जास्त पडतो. गंगापूर धरणाच्या परिसरात आणि दिंडोरीकडे तो बराच कमी होतो. निफाडकडे आणखी कमी, आणि तिथे हिवाळ्यात पारा एवढा उतरतो की दर वर्षी त्याची बातमी होते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज तर पर्जन्यछायेतील, अधिक कोरडे आणि उष्ण. तिथल्या वाइनमेकरच्या चिंता निराळ्या. तेव्हा तीन वाइनरींत एकाच सालाबद्दल तीन वेगळी मते ऐकू आली तर गोंधळून जाऊ नये. बागा कुठे आहेत हे आधी नोंदवून ठेवावे. वाइनरीची इमारत जिथे आहे तिथेच बागा असतील असे मात्र गृहीत धरू नये.

बाग स्वतःची की कराराची, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नाशिक पट्ट्यातील वाइन द्राक्षांचा मोठा भाग करार केलेल्या शेतकऱ्यांकडून येतो. शेतकऱ्याचे उत्पन्न वजनावर असते. वाइनमेकरला मात्र कमी वजनाचे, दाट रसाचे फळ हवे असते. तोडणी आठ दिवस लांबली की मणी थोडे आकसतात आणि वजन घटते. ते नुकसान कोण सोसतो? तोडणीचा अंतिम शब्द कोणाचा असतो? अवकाळीचा अंदाज आला तर घाईने तोडायचे हे कोण ठरवते? यांवर मिळणारी उत्तरे ऐकली की त्या वाइनरीत गुणवत्तेची व्यवस्था कशी चालते ते समजते. दर किती देता, हे मात्र विचारू नये. तो दोघांमधला व्यवहार आहे, आणि विचारल्यावर संभाषण आवरते घेतले जाते.

तोडणीचा दिवस ही व्हिंटेजमधील दुसरी महत्त्वाची तारीख. हुरडा जसा दाणा दुधाळ असतो त्यानंतर आणि कडक होण्याआधीच्या मोजक्या दिवसांतच खाता येतो, तसा प्रत्येक बागेचा तोडणीचा काळ थोडक्याच दिवसांचा असतो, आणि उष्ण हवेत तो आणखी आखडतो. वाइनमेकरला विचारावे की तोडणी कोणत्या आकड्यावर ठरली आणि कोणत्या चवीवर. ढोबळमानाने एक अंश ब्रिक्समधून ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल बनते, म्हणून २३ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांची कोरडी वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाते. बाटलीवर १४ टक्के असेल तर फळ २४-२५ ब्रिक्सपर्यंत थांबवले गेले होते असे धरता येते, आणि मग ‘का थांबलात’ हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. काबर्नेच्या बाबतीत उत्तर बहुधा असे येईल की साखर तयार होती पण ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास जात नव्हता. त्यावर विचारावे की घडांभोवतीची पाने काढून ऊन आत घेतले होते का, कारण तो वास देणारी द्रव्ये उन्हात आणि पक्वतेबरोबर कमी होतात. स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाइनसाठी हे गणित उलटे असते. त्यासाठीचे फळ १८-१९ ब्रिक्सला, भरपूर आम्लतेसह तोडले जाते, त्यामुळे उशिरा आलेल्या उन्हाचा तिला फारसा त्रास होत नाही. नारायणगावच्या इंडाजने भारतातील ज्या वाइनला १९८० च्या दशकात परदेशात ओळख मिळवून दिली ती ‘ओमर खय्याम’ ही स्पार्कलिंगच होती, आणि दिंडोरीला स्पार्कलिंग करणाऱ्या शांदोंने आपली वाइनरी उभारली. उष्ण प्रदेशात लवकर तोडता येणे ही केवढी सोय आहे हे त्यावरून लक्षात यावे.

इथवरच्या गोष्टी बागेच्या. थोडक्यात, छाटणी कधी, बाग कुठे आणि कोणाची, तोडणी कधी आणि कशावरून, या उत्तरांतून साल कळते. यानंतरचे प्रश्न सेलरमधले, म्हणजे वाइन करण्याच्या पद्धतीबद्दलचे.

पद्धतीबद्दल विचारताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. ‘आम्ही कमीत कमी हस्तक्षेप करतो’ हे वाक्य आपल्याला बहुधा ऐकू येईल. ते खोटे नसते, पण उष्ण प्रदेशात त्याचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. आपल्या हवामानात पिकलेल्या द्राक्षांतील मॅलिक आम्ल उबदार दिवसांत वेगाने खर्च होते आणि रसाचा पीएच चढतो, म्हणजे आम्लाचा जोर कमी होतो. तो ३.४ वरून ३.८ वर गेला तर जंतूंपासून तेवढ्याच संरक्षणासाठी सुमारे अडीच पट मुक्त सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकवणारे द्रव्य) लागतो. म्हणून टार्टरिक आम्ल घालणे ही इथली सर्वसाधारण आणि कायदेशीर पद्धत आहे. ‘तुम्ही आम्ल घालता का?’ असे विचारले तर माणूस सावध होतो, कारण प्रश्नात आरोप ऐकू येतो. त्याऐवजी ‘आम्ल आंबवण्याआधी जुळवता की नंतर, आणि त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त लागले का?’ असे विचारावे. आंबवण्याआधी जुळवणारा वाइनमेकर पीएच सुरुवातीपासून ताब्यात ठेवू पाहतो आणि ते आम्ल वाइनमध्ये एकजीवही होते. बाटली भरण्याआधी शेवटी घातलेले आम्ल अनेकदा जिभेवर सुटे जाणवते. आणि त्या वर्षी आम्ल कमी लागले असे कोणी सांगितले, तर पिकण्याच्या काळात रात्री चांगल्या थंड होत्या याची ती अप्रत्यक्ष पण विश्वासार्ह साक्ष समजावी.

तापमान हा माझा दुसरा ठरलेला विषय आहे, कारण आपल्याकडे वाइनचा बराच खर्च थंडाव्यावर होतो. पहाटे अंधारात तोडणी करणे, क्रेट लगेच शीतगृहात नेणे, रस थंड करूनच टाकीत घेणे, पांढरी वाइन १२ ते १६ अंशांच्या दरम्यान सावकाश आंबवणे, या साखळीतील प्रत्येक दुव्याबद्दल विचारता येते. वीज गेली तर काय करता, हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण त्याच्या उत्तरात मला कित्येकदा वाइनरीची खरी शिस्त दिसली आहे. यीस्टबद्दल विचारायचे असेल तर कंपनीचे नाव न विचारता, विकतचे यीस्ट निवडताना कोणता गुण पाहिला ते विचारावे: सुगंध, जास्त अल्कोहोल सहन करण्याची ताकद, की आंबवणे मध्येच न अडकण्याची खात्री. साखर जास्त आणि रसातील नायट्रोजन, म्हणजे यीस्टचे खाद्य, कमी असलेल्या वर्षी आंबवणे अडकण्याची भीती असते, आणि असे वर्ष वाइनमेकर कधी विसरत नाही. नैसर्गिक यीस्टवर आंबवतो असे कोणी सांगितले तर सगळी वाइन की एखादीच टाकी, हे विचारून घ्यावे.

शेनिन ब्लांकमध्ये किंचित गोडी असेल तर ती कुठून आली हे जरूर विचारावे. टाकी थंड करून आंबवणे मध्येच थांबवले असेल, तर ते नेमक्या कोणत्या वेळी थांबवायचे हा चवीचा निर्णय असतो, आणि तो दर वर्षीच्या आम्लतेप्रमाणे बदलावा लागतो. आपल्याकडील ग्राहकाला थोडी गोडसर पांढरी वाइन आवडते हे उघड आहे. वाइनमेकरला स्वतःला ती तशी आवडते का, हा प्रश्न हसत हसत विचारला तर चांगल्या गप्पा होतात.

लाल वाइनबद्दल बॅरलचा प्रश्न सगळेच विचारतात, आणि ‘बारा महिने फ्रेंच ओक’ असे ठरलेले उत्तर मिळते. त्यात नवीन बॅरल किती आणि दोन-तीनदा वापरलेले किती, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला काही वजन नाही. २२५ लिटरचे बॅरल पहिल्या भरणीत लाकडाची चव सर्वाधिक देते. तीन-चार भरण्यांनंतर ती जवळपास संपते, आणि मग बॅरलचे काम वाइनला हळूहळू हवा लागू देणे एवढेच उरते. ‘या वर्षी नव्या बॅरलचे प्रमाण बदलले का?’ हा प्रश्न मी नेहमी जोडतो. फळ हलके आलेल्या वर्षीही लाकडाचे प्रमाण तेवढेच ठेवले असेल तर वाइनमध्ये व्हॅनिला आणि भाजका वास पुढे येतो आणि द्राक्ष मागे पडते; अशा वर्षी ते प्रमाण कमी करणारा किंवा ती वाइन त्या वर्षी रिझर्व्ह म्हणून न काढता साध्या मिश्रणात घालणारा वाइनमेकर भेटला तर त्याच्या पुढच्या बाटल्या मी डोळे झाकून विकत घेतो. द्राक्षांच्या साली किती दिवस रसात ठेवल्या आणि त्या वर्षी ते दिवस कमी-जास्त केले का, हाही त्याच जातीचा प्रश्न आहे. गारपिटीने किंवा भुरी या बुरशीने साली खराब झालेल्या वर्षी शहाणा माणूस साली लवकर काढतो.

वाइनमेकरचे शिक्षण आणि त्याच्यावरील प्रभाव यांबद्दल विचारण्यास संकोच करू नये. आपल्याकडील वाइनच्या घडणीत बाहेरच्या सल्लागारांचा मोठा वाटा आहे: बंगळूरजवळील नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वाइनरीत बोर्दोचे मिशेल रोलाँ, सुलाच्या आरंभीच्या काळात कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की, अकलूजच्या फ्रातेल्लीत टस्कनीचे पिएरो मासी. अकलूजला सांजोव्हेजे या लाल द्राक्षाची लागवड का झाली याचे उत्तर मासींच्या टस्कनीत आहे. आज मात्र अनेक वाइनरींत द्राक्ष बागायतदारांच्या घरांतून आलेली, इथे किंवा परदेशात शिकलेली पिढी वाइन करते आहे. त्यांना मी विचारतो की शिकलेली कोणती गोष्ट इथे चालली नाही. बहुतेकांकडे याचे लांबलचक उत्तर असते, आणि ते बहुधा छाटणीशी किंवा आम्लतेशीच येऊन थांबते.

आता आपल्या भेटीविषयी. जानेवारीची अखेर म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम आहे. त्या दिवसांत वाइनमेकर पहाटेपासून उभा असतो आणि त्याच्याकडे आपल्यासाठी अर्धा तास असेल तर तो उपकारच समजावा. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी, दुपारी तीननंतर जावे. सकाळी माल उतरत असतो. लांब बोलायचे असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा जावे. तेव्हा बागेत काडी पिकत असते, टाक्यांतील नवी वाइन स्थिरावलेली असते आणि माणसे निवांत असतात. हंगामातील भेटीचा फायदा असा की बागेतील घड आणि आंबणारा रस समोर असतो. मणी चाखायला मागावेत, बी चावून पाहावी, ती तपकिरी आणि कुरकुरीत आहे की हिरवट आणि कडू आहे ते पाहावे. पण वाइनमेकरने परवानगी दिल्याशिवाय बागेतील घडाला हात लावू नये, आणि फवारणी कधी झाली हे विचारूनच मणी तोंडात टाकावा.

अर्ध्या तासात सगळे प्रश्न बसणार नाहीत. मी आपल्या जागी असतो तर प्रत्येक ठिकाणी एकच वाइन निवडली असती आणि तिची दोन वेगळी साले शेजारी शेजारी चाखायला मिळतील का, हे आधीच फोनवर विचारून ठेवले असते. त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत. मग दोन पेले समोर ठेवून छाटणीची तारीख, तोडणीची तारीख, आणि ‘या दोन वर्षांत तुम्ही सेलरमध्ये काय बदलले आणि काय बदलले नाही’ हे तीनच प्रश्न विचारावेत. उत्तर ऐकल्यानंतर पुन्हा एकदा दोन्ही पेले चाखावेत, आणि आपल्याला जे जाणवते ते न लाजता सांगावे, जुळले नाही तरीही. जी वाइन न आवडली तिच्याबद्दलही सरळ पण सौम्यपणे बोलावे. कौतुक ऐकून कंटाळलेल्या माणसाला त्यात अधिक रस असतो. तीन वाइनरींपैकी एक इगतपुरीच्या बाजूची आणि एक निफाडच्या बाजूची निवडता आली तर उत्तम, आणि दोन्हीकडे २०२४ च्या सालाबद्दल विचारताना २६ नोव्हेंबरला त्यांची बाग कोणत्या अवस्थेत होती हे आवर्जून विचारावे. आलेली उत्तरे इथे लिहिलीत तर मलाही वाचायला आवडतील.